भरतपूरचा पांढरा क्रौंच

इतिहासावरचे व्याख्यान म्हटले म्हणजे गड, लढाया, तह आणि राजकारणे यांची अपेक्षा धरून श्रोते येतात, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु आज आम्ही ज्याचा इतिहास सांगणार आहोत, त्याने राज्य केले नाही की तह केला नाही. तो पाणथळीत राहणारा, उंच पायांचा, पांढराशुभ्र पक्षी आहे. शास्त्रीय ग्रंथांत त्याला सायबेरियन क्रेन म्हणतात. आपण त्याला पांढरा क्रौंच म्हणू. शेकडो वर्षे हा पक्षी दर हिवाळ्यात सायबेरियातून भारतात येत असे. इ. स. २००१-०२ च्या हिवाळ्यात राजस्थानातील भरतपूर येथे त्याची एक जोडी उतरली, थंडी सरताच उत्तरेस निघून गेली, आणि त्यानंतर भरतपूरच्या पाण्यावर पांढरा क्रौंच आला नाही.

पक्ष्यांच्या जाती कमी होतात, हे आता सर्वांच्या ऐकिवात आहे. मग याच पक्ष्याची कथा निराळी का सांगावी? कारण असे की, तो ज्या ठिकाणाहून नाहीसा झाला ते ठिकाण आपल्या देशातील अत्यंत जपलेल्या पाणथळींपैकी एक आहे. १९५६ साली भरतपूरची पाणथळ पक्ष्यांचे अभयारण्य झाली. १९८१ साली पाणथळींच्या रक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात तिचे नाव दाखल झाले. लगोलग ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि १९८५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. म्हणजे पाणथळीचा मान व पहारा वाढत गेला आणि ज्याच्यासाठी ती विशेष प्रसिद्ध होती तो पक्षी मात्र कमी कमी होत गेला. हे असे का झाले, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पक्ष्याची ओळख

हा पक्षी जवळजवळ माणसाच्या खांद्याइतका उंच. अंग पांढरे, चोचीच्या मुळापासून डोळ्यामागेपर्यंतचा चेहरा उघडा व लाल, पाय तांबूस गुलाबी. पंखांच्या टोकाची मोठी पिसे काळी असतात. पण ती बसल्या जागी दिसत नाहीत, पक्षी उडाला म्हणजेच दिसतात. पिलाचा रंग मात्र दालचिनीसारखा असतो. आपल्याकडे विदर्भात दिसणारा सारस आणि थंडीत दख्खनच्या तलावांवर व नद्यांच्या पात्रांत उतरणारा करकोचा हे याचे भाऊबंद होत. फरक इतकाच की, सारस व करकोचा शेतातही चरतात; पांढरा क्रौंच पाणी सोडून फारसा हलत नाही. जगातील सर्व क्रौंचांत पाण्याला सर्वाधिक बांधलेला असा हाच. गुडघाभर उथळ पाण्यात उभे राहावे आणि लांब चोचीने चिखल उकरून लव्हाळ्यांचे व मोथ्यांचे कंद काढून खावेत, हा त्याचा हिवाळ्यातील व्यवसाय.

क्रौंच म्हटल्याबरोबर रामायणाचा आरंभ आठवतो. वाल्मीकींच्या डोळ्यांसमोर होता तो क्रौंच कोणत्या जातीचा, याविषयी पंडितांत एकमत नाही. तो सारसच असावा असे अनेकांचे मत आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु त्या कथेतील एक गोष्ट साऱ्या क्रौंचकुळाला लागू आहे. हे पक्षी जोडीने राहतात आणि जोडी सहजासहजी मोडत नाहीत.

त्याच्या संसारातील दोन गोष्टी पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, मादी दोन अंडी घालते, पण बहुधा एकच पिलू वाचते. आणि ते पिलू वयात येऊन स्वतः जोडी करीपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. दुसरी गोष्ट अशी की, पिलाला दक्षिणेची वाट उपजत ठाऊक नसते. ते पहिल्या हिवाळ्यात आईबापांच्या सोबतीने येते आणि वाट शिकते. भरतपूरला या पक्ष्यांची तिघा-तिघांची कुटुंबे आपापला पाण्याचा तुकडा राखून राहत आणि दुसऱ्या कुटुंबाला त्यात येऊ देत नसत.

चित्रकार आणि कलेक्टर

या पक्ष्याच्या भारतातील वास्तव्याचा जुना आणि सुंदर पुरावा एका चित्राच्या रूपाने आहे. जहांगीर बादशहाच्या दरबारी उस्ताद मन्सूर नावाचा चितारी होता. पशुपक्षी हुबेहूब रंगविण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बादशहाने त्याला 'नादिर-उल-असर', म्हणजे युगातील दुर्मिळ, अशी पदवी दिली होती. सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणात त्याने काढलेले पांढऱ्या क्रौंचाचे चित्र कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. युरोपातील शास्त्रज्ञांना या पक्ष्याची रीतसर ओळख पटली ती १७७३ साली, पीटर सायमन पॅलस याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा. म्हणजे शास्त्राच्या दप्तरात नाव चढण्यापूर्वी जवळजवळ दीडशे वर्षे आमच्या एका चिताऱ्याने तो नीट पाहून कागदावर उतरविला होता.

त्यानंतर महत्त्वाची नोंद केली ती अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. राष्ट्रीय सभेचे संस्थापक म्हणून ह्यूम यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे; १८८५ साली सभेचे पहिले अधिवेशन मुंबईतच भरले. परंतु त्याआधी हेच गृहस्थ वायव्य प्रांतात इटावा जिल्ह्याचे कलेक्टर होते आणि पक्षिशास्त्रातील त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. इटाव्याच्या झिलांवर हिवाळ्यात येणारे पांढरे क्रौंच त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. काही मारून त्यांच्या पोटातील अन्नही तपासले आणि हा पक्षी इकडे वनस्पतींवरच राहतो असे नमूद केले. मार्शल यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या, पारधीच्या पक्ष्यांवरील त्रिखंडात्मक ग्रंथात या क्रौंचाचे सविस्तर वर्णन आहे.

या दोन साक्षींवरून एवढे सिद्ध होते की, गंगा-यमुनेच्या मैदानातील उथळ झिलांवर हा पक्षी पूर्वी ठिकठिकाणी उतरत असे. भरतपूर हे त्याचे एकमेव घर नव्हते. पुढे झिली आटल्या, भरल्या, नांगराखाली गेल्या आणि पक्ष्याला एकेक ठिकाण सोडावे लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो नेमाने येई असे भरतपूर हेच एक ठिकाण उरले. ज्याची सर्व ठेव एकाच पेढीत आहे अशा माणसासारखी त्याची स्थिती झाली होती.

घन्याचा जन्म

भरतपूरच्या पाणथळीला तेथील लोक 'घना' म्हणतात. मध्यभागी केवलादेवाचे, म्हणजे शंकराचे मंदिर आहे, म्हणून 'केवलादेव घना'. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर; पायी हिंडणारा माणूस दिवसभरात पालथे घालील एवढेच. ही जागा निव्वळ निसर्गनिर्मित नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मुळात तेथे एक खोलगट जमीन होती. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल जाट याने गंभीर व बाणगंगा या नद्यांच्या पाण्यासाठी अजान बांध घातला आणि त्या पाण्याने ही खोलगट जमीन भरू लागली. सूरजमल हे नाव मराठी माणसाला नवे नाही. १७६१ साली पानिपतावरून अन्नवस्त्रावाचून परतणाऱ्या मराठ्यांना ज्याने आपल्या मुलखात आसरा दिला तोच हा राजा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानचा कारभार पाहणारे मोरवीचे राजपुत्र हरभामजी यांनी या जागेला आजचे रूप दिले. विलायतेतील बदकांच्या शिकारीच्या जागा पाहून त्यांनी येथे लहानमोठे बांध, पाट व दरवाजे घालविले. पाणी केव्हा घ्यावे, किती राखावे, केव्हा सोडावे, हे सारे ठरवून केले. हेतू एकच होता: हिवाळ्यात परदेशांतून येणारी बदके येथे उतरावीत आणि संस्थानच्या पाहुण्यांना ती मारता यावीत. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्यासाठी पहिली मोठी शिकार झाली. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. अशा शिकारींचे आकडे दगडावर कोरून मंदिराजवळ उभे केले आहेत आणि ते आजही वाचता येतात.

तो दगड वाचून प्रेक्षकाच्या मनात येते की, क्रौंच गेला तो याच बंदुकांमुळे. हे मत सोपे आहे, पण कालक्रमाशी जुळत नाही. या शिकारींत भरणा होता तो बदकांचा; आणि शिकारीचा हा धडाका संपत आला त्या १९६४-६५ च्या हिवाळ्यात घन्यात सुमारे २०० पांढरे क्रौंच मोजले गेले. त्यानंतरच्या शांततेत ते घटत गेले. शिकारीचे समर्थन करण्याचा आमचा बिलकूल हेतू नाही. पण बदकांच्या लोभाने का होईना, त्या मंडळींनी साठ-सत्तर वर्षे घन्यात पाणी राखले, हे सत्य इतिहासाच्या अभ्यासकाला नाकारता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर घन्यावर निराळेच संकट आले. राजांची चैन म्हणून राखलेली जमीन कोरडी करून शेतकऱ्यांना वाटून द्यावी, अशी मागणी जोरात होती. आणि त्या काळच्या अन्नटंचाईत ती गैरवाजवीही वाटत नव्हती. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. सलीम अली यांनी या प्रश्नी थेट पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली आणि घना वाचला. पुढे सोसायटीने येथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा शोध घेण्याचे मोठे काम चालविले. १९६४ साली शेवटची मोठी शिकार झाली. महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ साली संपला. आता क्रौंचाला भय उरले नाही, असे कोणालाही वाटले असते.

दरसाल सात

प्रत्यक्षात काय झाले ते आकड्यांवरून पाहावे. १९६४-६५ साली सुमारे २००. १९८० च्या सुमारास ही संख्या चाळिशीच्या आत आली. १९९२-९३ च्या हिवाळ्यात आले पाच. पुढचे दोन हिवाळे एकही आला नाही. १९९६ साली चार दिसले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांचे स्वागत केले. अखेर २००१-०२ ची ती एक जोडी.

आता थोडे गणित करू. २०० चे पाच व्हावयास २८ वर्षे लागली. सरासरी काढली तर दर वर्षाला सातच पक्षी कमी झाले. एका दिवसात ४,२७३ पक्षी पडतात तेव्हा त्याचा बभ्रा होतो, दगडावर लेख कोरला जातो. पाच हजार किलोमीटरांच्या वाटेवर वर्षाकाठी सात पक्षी कोठेतरी पडतात, ते मात्र कोणाला दिसत नाहीत. सर्वसाधारण बदकाच्या जातीला असा तोटा जाणवणारही नाही, कारण त्याची मादी एका वेळी आठ-दहा अंडी घालते. येथे वर्षाला जेमतेम एक पिलू, तेही सर्व जोड्यांना नव्हे. ज्या जातीची आवक एवढी थोडी, तिचे दिवाळे निघण्यास थोडीशीच जादा जावक पुरते.

म्हशींचे प्रकरण

हे सात पक्षी घन्यातच कमी होत होते काय? १९८० नंतर अनेकांना तसे वाटले आणि संशय गेला गुरांवर. घन्याच्या भोवतीच्या गावांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या म्हशी तेथे चरावयास सोडीत, गवत कापून नेत, जळण वेचीत. राष्ट्रीय उद्यानात गुरे असू नयेत, हे कायद्याचे आणि त्या वेळच्या जाणत्या मंडळींचेही मत होते. १९८२ च्या नोव्हेंबरात चराई एकाएकी बंद करण्यात आली. पर्यायी चाऱ्याची सोय झाली नव्हती. गावकरी चिडले, पोलिसांशी चकमक झाली, गोळीबार झाला आणि काही गावकरी प्राणाला मुकले. पक्ष्यांच्या रक्षणाच्या इतिहासात हे पान दुःखदायक आहे आणि ते गाळून हा इतिहास सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पुढे जे घडले ते विचार करावयास लावणारे आहे. नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० पासून घन्याचा दहा वर्षे अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष असा निघाला की, म्हशी पाण्यातील गवत खाऊन पाणी उघडे ठेवीत होत्या. त्या गेल्यावर एक प्रकारचे गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आक्रसले, आणि पुष्कळ पाणपक्ष्यांना उतरावयास व चरावयास जागा कमी झाली. आसपासचे गावकरी आणखी एक गोष्ट सांगत: म्हशींच्या खुरांनी चिखल मऊ राही आणि क्रौंचाला कंद उकरणे सोपे जाई. ज्या जनावराला शत्रू म्हणून हाकलले ते या पाणथळीच्या व्यवस्थेचा भाग होते.

एवढ्यावरून चराई बंद झाली म्हणून क्रौंच गेला, असे अनुमान कोणी काढील तर तेही घाईचे ठरेल. १९८२ पूर्वीच २०० चे चाळिसाच्या आत आले होते, हे आपण वर पाहिले. चराईबंदीने घन्याचे नुकसान झाले. पण मूळ गळती दुसरीकडे होती. बंदुका आणि म्हशी हे दोन्ही आरोपी असे निर्दोष वा अंशतः निर्दोष ठरल्यावर आपल्याला घन्याचे कुंपण ओलांडून उत्तरेकडे नजर टाकावी लागते.

वाट

हा पक्षी भरतपूरला येई तो पश्चिम सायबेरियातून, ओब नदीला मिळणाऱ्या कुनोवात नदीच्या दलदलीच्या प्रदेशातून. तेथील त्याची घरटी रशियन शास्त्रज्ञांना १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी सापडली. तेथून निघाले की कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतील सरोवरे, मग मध्य आशिया, मग अफगाणिस्तानात गझनीच्या दक्षिणेस असलेले आब-इ-इस्तादा नावाचे खारे सरोवर, मग पाकिस्तानच्या सरहद्द भागातील खोरी, आणि शेवटी भरतपूर. आब-इ-इस्तादा म्हणजे उभे पाणी. बाबराने आपल्या आत्मचरित्रात याच सरोवराचे वर्णन केले आहे: दुरून पाण्यावर तांबूस झाक दिसत होती, जवळ गेल्यावर कळले की ते रोहित पक्ष्यांचे थवे आहेत. एवढे हे स्थान जुने व पक्ष्यांच्या राबत्याचे.

या वाटेवरील धोक्यांचा हिशेब मांडला तर कोडे सुटू लागते. पाकिस्तानातील कुर्रम व लक्की या भागांत क्रौंच धरण्याची जुनी परंपरा आहे. रात्री पाळीव क्रौंचांना ओरडावयास लावून वरून जाणारा थवा खाली आणतात आणि टोकाला वजन बांधलेल्या दोऱ्या आकाशात भिरकावून पक्षी अडकवितात. हे शिकारी मागे असतात ते करकोचा व कुलंग यांच्या. ते लाखांनी व हजारांनी आहेत. पण अंधारात थव्यातील पांढरा पाहुणा निराळा काढता येत नाही. त्यातच बंदुका सर्वत्र झाल्या. अफगाणिस्तानने १९७७ साली आब-इ-इस्तादाला पक्ष्यांचे अभयस्थान म्हणून जाहीर केले. परंतु १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएट फौजा त्या देशात शिरल्या आणि पुढील कित्येक दशके तेथे युद्ध चालू राहिले. जेथे माणसांना अभय नव्हते तेथे पक्ष्यांना कोण देणार? २००० च्या सुमारास पडलेल्या दीर्घ दुष्काळात ते सरोवरच आटले.

म्हणजे वर्षाकाठचे सात पक्षी बहुधा या वाटेवर गळत होते. घन्याचा पहारेकरी कितीही जागा असला तरी त्याची काठी गझनीपर्यंत पोचत नाही. १९९३ साली स्थलांतरी प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली केवळ या एका पक्ष्यासाठी संबंधित देशांचा निराळा समझोता झाला. योजना उत्तम होती. परंतु त्या वर्षाच्या आरंभी भरतपूरला पाच पक्षी उरले होते आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एकही आला नाही.

कृत्रिम उपाय

माणसाने हातपाय गाळले होते असे मात्र नाही. १९७३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जॉर्ज आर्चिबाल्ड व रॉन सॉवी या दोन तरुणांनी क्रौंचांसाठी एक संस्था काढली. सॉवी यांनी भरतपूरला राहून या पक्ष्याचा अभ्यास केला होता. १९७७ साली सायबेरियातील घरट्यांतून काही अंडी ऊबदार पेट्यांत घालून विमानाने विस्कॉन्सिनला नेण्यात आली. घरट्यातील दोन अंड्यांपैकी एकच पिलू जगते, तेव्हा दुसरे अंडे उचलले तर निसर्गाचे नुकसान नाही, हा त्यामागील विचार. १९८१ साली बंदिवासातील जोडीपासून पहिले पिलू झाले. येथून पुढे रशियातही अशी पैदास सुरू झाली आणि ही जात पिंजऱ्यात तरी शिल्लक राहील, एवढी निश्चिती झाली.

परंतु पिंजऱ्यातील पिलाला वाट कोणी शिकवावी? १९९० नंतरच्या काही हिवाळ्यांत अशी पिले भरतपूरला सोडली. अपेक्षा ही की ती रानटी क्रौंचांच्या किंवा निदान कुलंगांच्या संगतीने उत्तरेस जातील. तसे झाले नाही. रशियात हलक्या विमानामागून पिलांना उडावयास शिकविण्याचे प्रयोग झाले. २०१२ साली खुद्द रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी पांढरा पोशाख चढवून अशा विमानातून पिलांचे पुढारपण केले. त्याचा गाजावाजा जगभर झाला. भरतपूरच्या वाटेवर मात्र कळप उभा राहिला नाही. जी विद्या बाप मुलाला हजारो वर्षे देत आला, ती एकदा खंडित झाली म्हणजे पुन्हा सुरू करणे किती अवघड, हे यावरून ध्यानात येते.

दुसरे दोन कळप

पांढऱ्या क्रौंचाचे आणखी दोन कळप होते, आणि त्यांची हकीकत पाहिल्याशिवाय आमचा निष्कर्ष पुरा होणार नाही. एक कळप इराणात कास्पियन समुद्राच्या काठी फेरेदुनकनार येथे उतरे. १९७८ साली त्याचा शोध लागला तेव्हा त्यात जेमतेम डझनभर पक्षी होते. तेथे भातखाचरांत पाणी साठवून पाळीव बदकांच्या आमिषाने रानबदके धरण्याचा धंदा आहे. बदके बिचकू नयेत म्हणून ते धंदेवाले आपल्या हद्दीत बंदूक चालवू देत नाहीत. त्या आश्रयाने क्रौंच टिकले. घन्याप्रमाणेच येथेही बदकांच्या लोभाने पाणी राखले गेले आणि त्यात क्रौंचाचे भले झाले! पण वाटेवरची गळती या कळपालाही चुकली नाही. २००७ नंतर अनेक हिवाळे एकटा एकच नर तेथे येत राहिला. लोकांनी त्याचे नाव 'ओमिद' ठेवले. फारसीत ओमिद म्हणजे आशा.

तिसरा कळप पूर्वेचा. तो याकुतियाच्या उत्तरेस घरटी करतो आणि चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढतो. १९८०-८१ च्या हिवाळ्यात चिनी शास्त्रज्ञांना तेथे सुमारे शंभर पक्षी दिसले. पुढील गणनांत ही संख्या हजारांवर गेली आणि अलीकडे चार हजारांच्या पुढे गेली आहे. आज जगातील जवळजवळ सर्व रानटी पांढरे क्रौंच या एका कळपात आहेत. पोयांग पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात ओसरते. ओसरत्या पाण्याच्या कडेने पक्षी कंद उकरीत जातात. २००३ पासून यांगत्सेवरील मोठ्या धरणात पाणी अडू लागले आणि सरोवराच्या मुखाशी दरवाजे घालण्याची योजनाही पुढे आली. पाण्याची ही चढउतार मोडली तर पक्ष्याचे अन्न मोडते. काही वर्षी सरोवरात कंद कमी झाले तेव्हा हे पक्षी शेतकऱ्यांच्या कमळांच्या तळ्यांत उतरले. संख्या हजारांत असूनही २००० साली या जातीची गणना 'अतिसंकटग्रस्त' वर्गात झाली, ती एवढ्याचसाठी. पुन्हा एकदा सारी ठेव एकाच पेढीत आहे.

आपल्याला यात काय?

पांढरा क्रौंच गेला तरी घना आहे. तेथे सारस आहेत, बदके येतात, करढोक व चित्रबलाक घरटी करतात. परंतु घन्याला दरसाल सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागते. गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाले, आणि २००४ च्या सुमारास पाण्याच्या वाटणीवरून शेतकरी व उद्यान यांच्यात तंटा उभा राहिला. घना कोरडा पडला. पुढे चंबळचे पाणी नळाने व गोवर्धनच्या नाल्याचे पाणी पाटाने आणण्याची तजवीज करावी लागली. ज्या पाण्यासाठी सूरजमलाने बांध घातला, त्याच पाण्याचा प्रश्न अडीचशे वर्षांनी परत आला.

या साऱ्या इतिहासावरून आम्हाला जे दिसते ते असे. आपण अभयारण्याची हद्द आखली आणि रक्षण झाले असे समजलो. पक्ष्याची हद्द निराळी होती. त्याला पाणी हवे होते, ते नदीच्या उगमाकडील गावांच्या हातात होते. उघडे पाणी हवे होते, ते म्हशींच्या व गुराख्यांच्या हातात होते. आणि सुरक्षित वाट हवी होती, ती अर्धा डझन देशांच्या हातात होती. या सर्वांना बरोबर घेतल्याखेरीज कुंपणाच्या आतील पहारा अपुरा पडतो.

हा धडा आपल्या दारापर्यंत येतो. महाराष्ट्रात सारस आता मोजकेच उरले आहेत, आणि तेही मुख्यतः गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी खोदलेल्या तलावांच्या काठी आणि भाताच्या बांध्यांत ते घरटी करतात. त्यांची अंडी असतात ती शेतकऱ्याच्या खाजगी जमिनीत. तेथे जे काही सारस टिकले आहेत ते घरट्याभोवतीची धानाची लावणी थोडी मागेपुढे करणाऱ्या शेतकऱ्यांमुळे आणि त्यांना धीर देणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांमुळे. त्यांच्यापुढील संकटेही तशीच न दिसणारी आहेत: विजेच्या तारा, कीटकनाशके आणि बुजत चाललेली तळी. सारसाची जोडीही वर्षाला एखाद-दुसरेच पिलू वाढविते, तेव्हा येथेही गणित तेच.

म्हणून आमची श्रोत्यांना विनंती एवढीच आहे. वसंत सरून पावसाळा लागेल तेव्हा आपल्या गावचे तळे किती भरले, ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकले, त्यावर कोण पक्षी उतरले आणि ते गेल्या वर्षीपेक्षा किती कमी, हे एखाद्या वहीत लिहून ठेवावे. ह्यूमसाहेबांनी कलेक्टरकी सांभाळून इटाव्याला हेच केले होते. भरतपूरचे २०० क्रौंच कमी होऊ लागले तेव्हा कोणी दरसालचे सात पक्षी पहिल्या पाच वर्षांतच गंभीरपणे मोजले असते आणि वाटेवर त्यांचा माग काढला असता, तर आणखी पंचवीस वर्षे हाताशी होती. आपल्या सारसांच्या बाबतीत ती वर्षे अजून संपलेली नाहीत.